खेरडी ते लंडन : विमान साडेनऊ तासांचे, प्रवास एकोणीस तासांचा

खेरडी : शिक्षण वा नोकरीनिमित्त लंडनला निघालेल्या खेरडी, खानवेल, सिल्वासा परिसरातील प्रवाशाला विमानाआधी रस्ता गाठावा लागतो. केंद्रशासित प्रदेशातील दीव येथे प्रवासी विमानतळ आहे; मात्र तो खंबातच्या आखातापलीकडे, सौराष्ट्राच्या टोकाशी. दमणचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. त्यामुळे थेट विमानासाठी सर्वांत जवळचे ठिकाण मुंबईच ठरते.

अंतर किती?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हिथ्रो यांतील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले हे किमान अंतर होय. हवामान आणि बंद हवाई हद्दी यांमुळे प्रत्यक्ष मार्ग लांबतो.

वेळ किती?

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत संपावयास हवे. तथापि धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण-उतरण आणि वळसे धरून जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने परतीस सुमारे नऊ तास पुरतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले मुंबई-लंडन विमान निघाले, तेव्हा कैरो व जिनिव्हा येथे थांबे घ्यावे लागले होते.

तिकिटावरील वेळ

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन भारतापेक्षा साडेचार तास मागे असते. एरवी साडेपाच तास. दुपारी एकला मुंबईहून सुटलेले विमान साडेनऊ तासांनी उतरले, तर लंडनमध्ये उन्हाळ्यात सायंकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात.

घरातून केव्हा निघावे?

हिशेब उलटा मांडावा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे सकाळी दहाला पोहोचायचे. मुंबईपर्यंतचे सुमारे १७० किलोमीटर अंतर मोटारीने चार तासांचे धरले आणि महामार्गावरील कोंडीसाठी एक तास हाती ठेवला, तर पहाटे पाचलाच खेरडी सोडावी लागते. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी व सामानास दीड तास धरल्यास एकूण प्रवास एकोणीस तासांचा होतो. तेव्हा खेरडीत मध्यरात्र झालेली असते; सुखरूप पोहोचल्याच्या फोनची वाट त्यानंतरच पाहावी.

विमानतळाचे नाव तपासा

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्याने मुंबई परिसरात आता दोन विमानतळ आहेत. लंडनमध्येही हिथ्रोखेरीज गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आदी विमानतळ आहेत. निघण्याआधी तिकिटावरील दोन्हीकडच्या विमानतळांची पूर्ण नावे वाचावीत. चुकीच्या ठिकाणी पोहोचल्यास हाती राखलेला तासही अपुरा पडतो.