गळती, विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांची (भारत)

विज्ञानशिक्षण घेतलेल्या स्त्रियांचे प्रमाण पदवी, संशोधन, अध्यापन आणि संस्थाप्रमुखपद या क्रमाने पायरीपायरीने घटत जाते. या घटनेला ‘गळती’ ही संज्ञा रूढ झाली आहे. ती सोयीची असली तरी फसवी आहे. गळती म्हटले की पिकले फळ देठातून आपोआप सुटावे असे चित्र मनात उभे राहते आणि फांदी कोणी हलवली हा प्रश्नच उरत नाही. भारतातील पुरावा पाहिला तर घट सर्वत्र सारखी होत नाही. प्रवेश, नेमणूक, बढती अशी जिथे संस्था निवड करते, तिथेच ती एकदम होते. म्हणून विज्ञानक्षेत्रात विविधता आणण्याचा प्रश्न मुलींना उत्तेजन देण्याचा कमी आणि निवडीचे नियम तपासण्याचा अधिक आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पहिला आक्षेप आवडीचा. मुलींचा ओढाच विज्ञानाकडे कमी, असे अजूनही गंभीरपणे म्हटले जाते. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणाने ते निकालात काढले आहे. पदवीपासून पीएच.डी.पर्यंत विज्ञानशाखेत त्या वर्षी सुमारे ५७ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुली निम्म्याहून अधिक होत्या. याउलट देशातील संशोधन व विकासकार्यात प्रत्यक्ष गुंतलेल्या मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा २०१८ साली १६.६ टक्के होता. वर्गात निम्म्या आणि प्रयोगशाळेत सहांत एक, हा भारतीय प्रश्नाचा नेमका आकार. पाश्चात्त्य देशांत भौतिकी-गणिताच्या वर्गातच मुली कमी दिसतात, म्हणून तिथले उपाय शाळेपासून सुरू होतात. तेच उपाय, म्हणजे भित्तिपत्रके, प्रेरणादायी व्याख्याने, ‘विज्ञानाची गोडी लावा’ छापाचे सप्ताह, इथे जसेच्या तसे उचलले गेले. जिची भूक आधीच लागलेली आहे तिला भुकेचे महत्त्व सांगण्यासारखेच हे झाले. अर्थात बी.एस्सी.च्या वर्गातील गर्दी निखळ आवडीची आहे असेही मानता येत नाही. अभियांत्रिकीच्या पदवीवर्गात मुलींचे प्रमाण तीन दशांशांच्या आत आहे. मुलाच्या अभियांत्रिकीसाठी आणि शिकवणीसाठी कर्ज काढणारे घर मुलीसाठी जवळचे, कमी शुल्काचे विज्ञान महाविद्यालय पुरेसे मानते. हीदेखील निवडच, फक्त घराने केलेली.

संस्थेचा नियम काय करू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याने प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला: पहिले वर्ष परीक्षाधीन, आणि काम समाधानकारक वाटले तरच मान्यता. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. सोहोनी पुढे केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. ही कथा सहसा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती जिद्दीची आहेच. पण १९३३ पूर्वी ज्यांनी नकार ऐकला किंवा नकार मिळणार हे ओळखून अर्जच केला नाही, त्यांच्यात कुवत नव्हती असे कोण म्हणेल? नोबेल विजेत्याचा अंदाजही एका वर्षात चुकीचा ठरला, आणि तो ठरला कारण तपासण्याची संधी एकदा तरी दिली गेली. रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या ॲना मणी यांना शोधनिबंध प्रसिद्ध होऊनही पीएच.डी. मिळाली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. तो नियम कोणाला स्त्री म्हणून अडवत नव्हता, पण अडली मात्र एक स्त्री. उद्योगांत तर अडसर कायद्यानेच होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ६६ व्या कलमाने कारखान्यात स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामास बंदी घातली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या उत्पादनविभागाला स्त्री अभियंता न घेण्याचे तयार कारण मिळाले.

दुसरा आक्षेप संसाराचा आहे आणि तो अधिक सहानुभूतीच्या सुरात मांडला जातो. लग्न, मूल, सासर यांमुळे स्त्रिया स्वतःच संशोधन सोडतात, संस्था काय करणार? अनिता कुरूप, रोहिणी गोडबोले आणि सहकाऱ्यांनी पीएच.डी. झालेल्या स्त्रियांची पाहणी करून २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. संशोधनाबाहेर गेलेल्या स्त्रियांनी कौटुंबिक कारणांपेक्षा योग्य नोकरी न मिळण्याकडे अधिक बोट दाखवले, असे त्यात आढळले. घरकामाचा भार खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे. मात्र तो भार असह्य होतो तो नेमणुकीची वयोमर्यादा, जोडप्याला एकाच संस्थेत न घेण्याची प्रथा आणि पाळणाघराचा अभाव यांच्याशी गाठ पडल्यावर. हे मुंबईतील वैज्ञानिक स्त्रियांनी फार आधी ओळखले होते. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत कर्करोग संशोधक कमल रणदिवे होत्या. या संघटनेने नवी मुंबईत वाशीला नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. भाषणांपेक्षा ही कामगिरी मोठी मानावी लागेल. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना शतकाच्या आरंभी आली. कामात खंड पडलेल्या स्त्रीला संशोधनाकडे परत आणणारी ती योजना उपयुक्तच. पण ती काही वर्षांची छात्रवृत्ती देते, पद देत नाही. मुदत संपली की ती स्त्री पुन्हा त्याच निवड समितीच्या दारात उभी असते, फक्त वयाने मोठी.

तिसरा आक्षेप गुणवत्तेचा. राखीव वा जादा जागांनी दर्जा खालावतो, हा युक्तिवाद स्त्रियांबाबत दबक्या आवाजात आणि जातीबाबत मोठ्याने केला जातो. म्हणून दोन्हींचा पुरावा एकत्र पाहणे योग्य. आयआयटीच्या बी.टेक. प्रवेशात मुली २०१७ पर्यंत दहांत एकीच्या आसपास होत्या. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या गेल्या, त्या वर्षी १४ टक्के आणि दोन वर्षांनी २० टक्के असे लक्ष्य ठरले. मुलांची एकही जागा कमी केली नाही आणि प्रवेश घेणारी प्रत्येक मुलगी तीच जेईई ॲडव्हान्स्ड पार करून आली. प्रमाण दुपटीच्या जवळ गेले. तीन वर्षांत देशातील मुलींची बुद्धी दुप्पट झाली नव्हती, बदलला होता तो नियम. जातीनिहाय आरक्षणाबद्दल सुरेंद्रकुमार बागडे, डेनिस एपल आणि लॉवेल टेलर यांनी २०१६ मध्ये एका राज्यातील दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची माहिती तपासली. आरक्षणामुळे लक्ष्यगटातील मुलांचे शिक्षण वाढले आणि झेपणार नाही अशा महाविद्यालयात टाकल्याने त्यांचे नुकसान झाल्याचा पुरावा सापडला नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेचा अभ्यास केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटली, असे त्यांना कुठे दिसले नाही. वरच्या श्रेणीत उलट काही चांगला परिणाम दिसला. रेल्वे ही प्रयोगशाळा नव्हे, हे मान्य. पण तिथे चूक झाली तर ती लपत नाही.

एक उणीव मात्र या सगळ्या उपायांतही राहते. ‘स्त्री’ हा एकच गट धरला की त्यातल्या शहरी, सवर्ण, इंग्रजी माध्यमातल्या मुली आधी पुढे येतात आणि आकडा सुधारतो. आदिवासी वा भटक्या समाजातली मुलगी होती तिथेच राहते. या दृष्टीने महाराष्ट्राचे अनुभव उपयोगी आहेत. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के जागा प्रत्येक प्रवर्गाच्या आत धरल्या जातात, त्यामुळे जात आणि लिंग हे दोन निकष एकमेकांना खात नाहीत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क राज्य भरते. वर सांगितलेल्या घरच्या निवडीवर हा नेमका घाव आहे. २०२१ पासून जेईई मेन मराठीतूनही देता येते, पण पुढची चार वर्षे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच काढावी लागतात, तेव्हा तो दरवाजा अर्धाच उघडला आहे.

हे सर्व उपाय प्रवेशापुरते आहेत. नेमणूक आणि बढतीच्या पायरीवर असे बंधनकारक नियम जवळजवळ नाहीत आणि घट सर्वांत तीव्र तिथेच आहे. १९५८ पासून दिल्या गेलेल्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराच्या पाचशेहून अधिक मानकऱ्यांत स्त्रिया विसाच्या आसपास आहेत. पहिल्या असीमा चटर्जी, १९६१ मध्ये. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनींना संचालकपद चार वर्षे उशिरा मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना १९४२ ची. तिच्या महासंचालकपदी पहिली स्त्री, एन. कलैसेल्वी, ऑगस्ट २०२२ मध्ये आली.