दाखला नको, नोंदवहीचं पान हवं

जन्माचा दाखला आणि जन्माची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद म्हणजे मूल जन्मलं त्या दिवसांत गावातल्या कुणीतरी वहीत ओढलेली ओळ. दाखला म्हणजे त्या ओळीतलं काही निवडून आजच्या कारकुनाने छापील नमुन्यात भरलेला मजकूर. शाळेला, पासपोर्टला दाखला पुरतो. ज्याला आपल्या घराण्याचा माग काढायचा आहे त्याला तो पुरत नाही.

माझ्यावर हा शोध घेण्याची वेळ भाचीमुळे आली. आम्ही तांबोळी, कृष्णाकाठचे. महाराष्ट्रात मुसलमानांमधल्या अनेक जाती इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. शब्बीर अन्सारींच्या चळवळीने ही गोष्ट आपल्या समाजाच्या कानावर घातली, तोवर आपल्याच लोकांना ती ठाऊक नव्हती. पण यादीत जात असणं वेगळं आणि ती आपलीच आहे हे सिद्ध करणं वेगळं. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढंच आहे, आणि जन्मतारीख १ जून. त्या काळच्या मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जून रोजी जन्माला घातलं आहे, त्यात आमचे दादाही आले.

मग उरली ती कोतवाल बुकं. आपला जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी १८८६चा एक कायदा होता, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक होती. गावोगावच्या नोंदी प्रांतांच्या आपापल्या नियमांनी होत. मुंबई इलाख्यात गावकामगारांनी वर्दी द्यायची, पाटलाकडच्या वहीत ती लिहिली जायची आणि कागद तालुक्याला जायचे. सरकारला आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाढदिवसाचं कौतुक नव्हतं. पटकी कुठे लागली, देवी कुठे आल्या, प्लेग कुठवर पोचला, हे त्याला हवं होतं. म्हणून या वह्यांत मृत्यूच्या कारणाला रकाना आहे, आणि जन्मलेल्या मुलाच्या नावाची जागा पुष्कळदा रिकामी आहे. वर्दी दिली तेव्हा बाळाचं नाव ठेवलेलंच नसायचं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात, तारीख. संपलं.

पश्चिम महाराष्ट्रात या वहीला ‘गाव नमुना नं. १४’ म्हणतात, विदर्भात ‘कोतवाल पंजी’. आजच्या महसुली नमुन्यांत १४ हा आकडा गावाच्या पाणीपुरवठ्याच्या माहितीला दिलेला आहे. तेव्हा अर्जात नुसता नमुन्याचा नंबर लिहू नका, ‘जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक)’ असं स्पष्ट लिहा. १९७० पूर्वीच्या वह्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सापडतात. नंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत.

मी ज्या कचेरीत गेलो तिथे आधी मला टंकलिखित कागद मिळाला: ‘सदर कालावधीत नोंद आढळून येत नाही.’ या वाक्यावर कुणीही लगेच विश्वास ठेवू नये. त्याचा अर्थ नोंद नाही असा असू शकतो, आणि नोंद वाचता आली नाही असाही. आमच्या गावची त्या वर्षांची वही मोडीत होती. मी माहितीच्या अधिकारात वही पाहण्याची मागणी केली. दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये. सोबत मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक नेले. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग चालवतो, त्यातून तयार झालेली माणसं जिल्ह्या-जिल्ह्यात आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर या वाचकांना एकदम भाव आला. त्या निमित्ताने याच वह्या उघडल्या गेल्या, कित्येक पानांचं स्कॅनिंग झालं. कामाचा हेतू वेगळा होता, पण कुणबी नोंदीच्या पानावर वर-खाली तांबोळी, मुलाणी, पिंजारीही बसलेले असतात. आपल्या लोकांनी ती पानं जरूर चाळावीत.

आमची नोंद १९२१च्या पावसाळ्यात मिळाली. ‘हुसेन बिन दादू, मु. तांबोळी, मुलगा.’ तारीख जुलैमधली. ‘बिन’ पाहून कारकून म्हणाला, हा मुसलमानी शब्द. शब्द अरबी खरा, पण त्याच पानावर मराठे, माळी, धनगर सगळेच ‘बिन’ होते. दफ्तर, नक्कल, अर्ज, दाखला, तारीख, मयत असे शब्द तोही दिवसभर वापरत होता, त्यांचं मूळ त्याला कधी जाणवलं नव्हतं.

आता इथे मूळ पानाचं महत्त्व. आजच्या जन्मदाखल्याच्या छापील नमुन्यात जातीला रकानाच नाही. त्या नोंदीवरून मला नवा दाखला काढून दिला असता तर तारीख मिळाली असती आणि ज्यासाठी गेलो ते ‘तांबोळी’ गळून पडलं असतं. वर्दी देणाऱ्याचं नाव गेलं असतं, शेजारच्या ओळी गेल्या असत्या. म्हणून अर्जात मागायचं ते असं: ‘मूळ नोंदीच्या संपूर्ण पानाची छायांकित प्रमाणित प्रत’. वहीच्या मुखपृष्ठाचीही प्रत घ्या, त्याशिवाय ते पान कुठल्या गावचं आणि कुठल्या वर्षाचं हे पुढे सिद्ध होत नाही. शिक्का, सही, तारीख प्रत्येक पानावर. मोडी असेल तर देवनागरी लिप्यंतर वेगळं जोडायचं.

यात केवळ हौस नाही. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांकडे अलीकडे कोणत्या नजरेने पाहिलं जातं, आणि अर्जदाराचं नाव मुसलमानी असलं की ती नजर कशी आणखी बारीक होते, हे वाचकांना सांगायला नको. कालपरवा छापलेल्या कागदाची किंमत छापणाऱ्याच्या मर्जीवर असते. शंभर वर्षांपूर्वी पाटलाने लिहिलेल्या ओळीला पुढे काय राजकारण होणार आहे याची कल्पना नव्हती. तिच्यावर तयार केल्याचा आरोप करणं जड जातं.

भाचीचं काम त्या पानाने झालं. पण मी वही मागे-पुढे चाळत राहिलो. १९१८चा ऑक्टोबर आला आणि अक्षर बदललं. आधी एका महिन्याला एखादं पान पुरत होतं, आता पानांमागून पानं मयतांची. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, पुढे नुसत्या दोन टिंबांच्या खुणा. हा इन्फ्लुएन्झाचा ताप. त्यात दोन ओळी आमच्या होत्या, पाच दिवसांच्या अंतराने. ‘हुसेन बिन दादू तांबोळी याची बायको, वय २२.’ ‘सदरचा मुलगा, वय १.’

पणजोबांचं हे पहिलं लग्न होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादा दुसऱ्या बायकोचे. अब्बांना विचारलं, तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दादी कबरस्तानात फातिहा पढताना एका कबरीपाशी जास्त थांबायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, घरचीच आहे.”

सरकारी वहीने तिला नाव दिलं नाही. हिंदू बायांनाही त्या वहीत बहुधा हाच न्याय आहे. वारसाच्या फेरफारात आपल्या बायकांची नावं मिळतात, कारण बायको आणि मुलगी यांना शरियतीने हिस्सा आहे. पण ही नवऱ्याच्या आधी गेलेली, म्हणून तिथेही नाही. उरली काझींची निकाहाची वही. १८८०च्या कायद्याने सरकार काझी नेमू शकतं, पण निकाहाला त्या काझीने हजर असावं अशी सक्ती त्या कायद्यात नाही. त्यामुळे या वह्या सरकारजमा झाल्या नाहीत, घराण्यांमध्ये राहिल्या. काही वाळवीने खाल्ल्या, काही वाटणीत फुटल्या. मात्र निकाहनाम्यात वधूचं नाव लिहावंच लागतं. ‘अमक्याची बायको’ असं लिहून निकाह होत नाही.

शेजारच्या गावच्या काझी घराण्याने एका रविवारी ट्रंक उघडली. वही उर्दूत, शाई तपकिरी पडलेली. त्यांच्या घरातल्या आजींनी चष्मा लावून बोट फिरवत १९१५चं पान काढलं. हुसेन वल्द दादू तांबोळी. दुल्हन रसूलबी. मेहेर १२७ रुपये आठ आणे, साक्षीदार दोन, दोघांचेही अंगठे. मी फोटो काढत होतो तेव्हा आजी म्हणाल्या, “नाव नीट लिहून घे रे बाबा.” मी लिहून घेतलं. आता पुढचं काम रसूलबीच्या माहेरचं. साक्षीदारांपैकी एकाच्या नावापुढे त्याच्या गावाचं नाव आहे. त्या तालुक्यातली कोतवाल बुकं कुठल्या खोलीत आहेत, हे येत्या महिन्यात पाहायचं आहे.