वैल कुणी काढला?

घरच्या घरी हातानं केलेल्या वस्तूंवर बोलायचं ठरलं, तेव्हा आमच्या गटात नावं भराभर आली. गोधडी, पायपुसणं, तेलाच्या डब्याची कुंडी, जुन्या साडीची दोरी. चुलीचं नाव कुणीच घेतलं नाही. ती इतकी रोजची, की तिला बनवलेली वस्तू म्हणायचं आम्हाला सुचलंच नाही. म्हणून आज तिचाच इतिहास सांगतो.

सुरुवात आपल्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातून करू. तिथं प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्या देशभर गाजल्या, रथाचे फोटो पुस्तकांत छापून आले. पण दायमाबादच्या उत्खननात मातीच्या भिंतींची घरंही निघाली, धान्य साठवायच्या जागा निघाल्या आणि घरात चुली निघाल्या. तिथली सगळ्यात जुनी वस्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. रथाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, तो कुणी ओतला असेल यावर चर्चा झाली. चूल कुणी घातली, हे कुणी विचारलं नाही.

आता आपल्या चुलीकडे नीट बघा. तीन दगड मांडले की आच चारी बाजूंनी वाऱ्यावर जाते. म्हणून कुणीतरी मागून आणि दोन्ही बाजूंनी मातीचा आडोसा केला. भांडं काठावर सपाट बसलं तर जाळ कोंडतो आणि धूर होतो, म्हणून काठावर तीन उंचवटे काढले. ते फार उंच झाले तर आच भांड्याला न लागता निघून जाते. हे माप कुठं लिहिलेलं नाही, ते बोटांना माहीत असतं. आणि मग कुणीतरी वैल काढला. मोठ्या भांड्याखालून वाया जाणारी आच आतल्या भोकातून शेजारी वळवली आणि त्यावर दुसरं भांडं ठेवलं. पुढं भाकरी होते तोवर वैलावर कालवण रटरटतं, दूध गरम राहतं, त्याला वेगळं सरपण लागत नाही. आमच्या मते घरातल्या शोधांमध्ये हा मोठा शोध आहे, आणि तो लावणारीचं नाव आपल्याकडे नाही.

मातीचंही तसंच. नुसती काळी माती घेतली तर वाळताना भेगा पडतात. म्हणून तिच्यात भुसा, शेण आणि थोडी राख घालून भिजवायची, पायानं तुडवायची, चूल सावलीत वाळवायची, पडलेली चीर बुजवायची आणि रोज पोतेरं फिरवायचं. चूल कधी पूर्ण होत नाही, ती रोज थोडी दुरुस्त होत असते.

सरपण बदललं तसं चुलीचं तोंड बदललं. आपल्याकडे बाभळीचं लाकूड, गोवऱ्या, तुरीच्या तुराट्या होत्याच. पुढं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस आला तसं पाचट आलं. पाचट भडकन पेटतं आणि लगेच विझतं, एका बाईला समोर बसून मूठमूठ सारावं लागतं. त्याला तोंड मोठं लागतं. बायांनी तोंड मोठं केलं. त्यासाठी कुणी इंजिनिअर आला नव्हता.

इंजिनिअर आले ते धुरासाठी, आणि यायलाच हवे होते. धुराची थट्टा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० या एका वर्षात घरातल्या धुरानं जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली. डोळे चुरचुरणं आणि खोकला आपण नशिबावर टाकतो, त्यामागं हे आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा तिथं काम बघत. तिथल्या मगन चुलीचा धूर नळीतून घराबाहेर जात असे. १९५३ च्या सुमारास हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघराचा आराखडा मांडला. या चुलींमध्ये पुढं एक भांडं, मागं दुसरं आणि शेवटी नळी. म्हणजे आपला वैलच, फक्त त्याला धुराडं जोडलं. नंतर १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. त्यातल्या कितीतरी काही वर्षांत फुटल्या किंवा अडगळीत गेल्या.

का गेल्या? तेव्हा म्हणत, की बाया चूल मोडून ठेवतात, तोंड वाढवतात. खरं आहे, वाढवत होत्या. आमच्यातल्या दोघींनी स्वतः वाढवलं. कारण भाकरी तव्यावर अर्धीच होते. नंतर ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकावी लागते, तेव्हा फुगते. नव्या चुलीचं तोंड बारीक आणि पुढं निखारा ओढायला जागाच नाही. मग भाकरी शेकायची कुठं? ज्यांनी आराखडा काढला त्यांनी भाकरी खाल्ली असेल, पण शेकली नसावी.

पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांची ‘आरती’ ही संस्था आहे. तिनं चुलींवर काम केलं आणि पाचटाचा कोळसा करायची रीत बसवली. त्या कोळशाच्या कामाला २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आपल्या उसाच्या भागाला हे फार जवळचं काम आहे. आणि शिर्डीत बघा. साईबाबा स्वतः मोठी हंडी चुलीवर चढवून लोकांना जेवू घालत. त्याच शिर्डीत २००९ साली प्रसादालयासाठी उन्हावर वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसल्या. आपण गुरुवारी दर्शनाला जातो, उन्हाच्या वाफेवरचा प्रसाद घेतो आणि घरी येऊन फुंकणी हातात घेतो.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलेंडर आला, त्यानं पुष्कळ सुटका झाली. पण टाकी संपली की पुढच्या टाकीचे पैसे जुळेपर्यंत चूलच असते. अंघोळीचं पाणी तर बहुतेक घरी तिच्यावरच तापतं. म्हणून आम्ही चूल मोडून काढली नाही, सुधारायला घेतली.

पहिली खटपट फसली. नळी आणली ती पत्र्याच्या खालीच संपत होती. धूर वर जाऊन परत आत आला आणि सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मग नळी वैलाच्या मागून काढून पत्र्यापासून हातभर वर नेली आणि वर टोपी बसवली. लोखंडी गजाचे तुकडे आडवे टाकून आत जाळी केली. लाकूड जाळीवर राहिलं की खालून हवा लागते, जाळ मोकळा होतो आणि राख खाली पडते. तोंडापुढं वीतभर ओटा वाढवला, निखारा ओढायला. भाकरी तिथं फुगते. धूर पूर्ण गेला नाही, पण भिंत पूर्वीसारखी काळी होत नाही. नळीतली काजळी महिन्यातून एकदा काढावी लागते. एकदा विसरलो तर घरभर धूर झाला.

या कामात गटात विचारलं, वैल घालता कुणाला येतो? बावीस जणींमध्ये चौघींना, आणि चौघीही साठीच्या पुढच्या. कुणाकडून शिकलात? एकीनं सांगितलं, सासूकडून. सासू कुणाकडून? तिच्या सासूकडून. तिचं नाव काय? ते चौघींपैकी कुणाला सांगता आलं नाही. येत्या पंधरवड्यात त्या चौघी मिळून एका अंगणात चूल घालणार आहेत आणि आमच्यातल्या धाकट्या सुना माती तुडवणार आहेत. तुमच्याकडे वैलाला दुसरा शब्द असेल तर तो आम्हाला कळवा, आणि घालणारीचं नाव माहीत असेल तर तेही.