माती, गादी आणि छप्पर

दिल्लीत कनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड. या रस्त्यावर २४ क्रमांकाला अमेरिकन सेंटर आहे आणि पुढे इंडिया गेटच्या बाजूला २०१३ साली सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन. दोन्ही वास्तूंचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण त्या ज्या मुलखांच्या आहेत, तिथल्या खेळांपुढे गेल्या शतकात एकच प्रश्न येऊन उभा राहिला. उघड्या मैदानावर वाढलेला खेळ छपराखाली आणला, तर त्याचे काय होते? अमेरिकेच्या फुटबॉलने या प्रश्नाला एक उत्तर दिले, आपल्या कबड्डीने दुसरे आणि कुस्तीने तिसरे. ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की आपल्या मातीतल्या खेळांचे नेमके काय चालले आहे, ते जरा स्पष्ट दिसते.

अमेरिकन फुटबॉलला ग्रिडिरन म्हणतात, ते मैदानावरच्या आडव्या रेघांमुळे. या रेघांनी मैदान भाजणीच्या लोखंडी जाळीसारखे दिसते. दोन गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे अंतर, रुंदी ५३ यार्डांहून थोडी अधिक आणि प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. ऊन, पाऊस, चिखल, बर्फ हे सगळे या खेळात गृहीत धरलेले. १९३२ च्या डिसेंबरात मात्र शिकागोत बर्फ आणि थंडी इतकी वाढली की नॅशनल फुटबॉल लीगचा निर्णायक सामना मैदानावर घेणे अशक्य झाले. शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांची ही लढत १८ डिसेंबरला शिकागो स्टेडियम या बंदिस्त इमारतीत हलवली गेली. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती आणि तिच्यासाठी पसरलेली माती अजून तशीच होती. तिच्यावरच सामना झाला.

जागा अपुरी होती. मैदान सगळे मिळून ८० यार्डांचे झाले आणि रुंदीही कमी पडली. कडेला प्रेक्षकांच्या भिंती अगदी लागून होत्या. म्हणून चेंडू बाहेर गेला की पुढचा डाव भिंतीला चिकटून न लावता आत आणून लावायचा, असे त्या दिवसापुरते ठरले. गोलखांब पुढे, गोलरेषेवर आणले गेले. सामना बेअर्सनी ९-० असा जिंकला. त्यातला महत्त्वाचा गोल ब्रॉन्को नागुर्स्कीने रेड ग्रँजकडे फेकलेल्या चेंडूवर झाला आणि त्यावरून वाद पेटला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे फेकणारा डावाच्या रेषेपासून किमान पाच यार्ड मागे असायला हवा होता. नागुर्स्की तेवढा मागे नव्हता, असे स्पार्टन्सचे म्हणणे पडले.

पुढच्याच वर्षी लीगने नियम बदलले. रेषेच्या मागे कुठूनही चेंडू फेकता येईल, डाव कडेऐवजी आतल्या खुणांवरून सुरू होईल आणि गोलखांब गोलरेषेवर राहतील. अडचणीपोटी केलेली एका संध्याकाळची तडजोड उघड्या मैदानाचा कायदा झाली. आज या खेळात चेंडू लांबवर फेकण्याला जे महत्त्व आहे, त्याच्या मुळाशी असलेल्या नियमांपैकी एक त्या सर्कशीच्या मातीतून निघाला आहे.

त्यानंतर जवळपास अर्धशतकाने, १९८१ साली, जिम फॉस्टर नावाचा गृहस्थ न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त जागेतला सॉकर पाहायला बसला होता. पाहता पाहता त्याने हातातल्या पाकिटावर एका नव्या मैदानाचा आराखडा काढला. त्यातून पुढे अरीना फुटबॉल उभे राहिले आणि १९८७ साली चार संघांचा पहिला हंगाम झाला. अमेरिकेतल्या मोठ्या बंदिस्त सभागृहांत आइस हॉकीचे मैदान असते, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. फॉस्टरच्या खेळात दोन गोलरेषांमध्ये ५० यार्ड, दोन्ही टोकांना आठ-आठ यार्ड आणि रुंदी ८५ फूट. सगळी लांबी मोजली तर १९८ फूट भरते. म्हणजे हॉकीच्या बर्फावर दोन फूट शिल्लक ठेवून फुटबॉल बेतून बसवले होते.

बाकीचे नियम या मापातून निघाले. अकराऐवजी आठ खेळाडू. गोलखांबांमधले अंतर साडेअठरा फुटांवरून नऊ फुटांवर आणि आडवी दांडी दहा फुटांऐवजी पंधरा फुटांवर. उघड्या मैदानावर अडचणीत सापडलेला संघ चेंडू लाथेने दूर धाडून देतो. इथे दूर असे काही नाहीच, म्हणून ते निषिद्ध. गोलखांबांच्या दोन्ही अंगांना उंच जाळी, तिच्यावर आपटून परतलेला चेंडू खेळात धरायचा. बहुतेक खेळाडूंनी चढाई आणि बचाव दोन्ही करायचे. जाळीसकट या साऱ्या रचनेचे पेटंट १९९० साली फॉस्टरला मिळाले. खेळाला मालक असू शकतो, ही कल्पना हुतूतू खेळत वाढलेल्यांना चमत्कारिक वाटेल, पण छपराखालच्या खेळात ती सुरुवातीपासून होती. मैदानाला फाटक नसले तरी चालते. सभागृहाला भाडे, दार आणि तिकीट असते.

या धाकट्या खेळाने थोरल्याला माणसेही दिली. कर्ट वॉर्नर आयोवात अरीना फुटबॉल खेळला आणि पुढे जानेवारी २००० मध्ये सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण अरीना लीग स्वतः तगली नाही. २००९ चा हंगाम रद्द झाला, मग ती पुन्हा सुरू झाली आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. थोरल्या खेळाच्या अंगाला मात्र धक्का लागला नाही. छपराखाली गेला तो वेगळ्या नावाचा, वेगळ्या हिशोबाचा खेळ. तो बुडाला तेव्हा एकटा बुडाला.

आपल्याकडे छप्पर आधी कुस्तीला भेटले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांची सारी कमाई लाल मातीतली होती. लंडनच्या बंदिस्त सभागृहातली गादी त्यांना नवी होती आणि तिथले नियमही. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिथे तयार केले. त्या वेळी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात कुस्तीचे जे नवे सभागृह बांधले, त्याला खाशाबांचे नाव आहे. मातीतल्या पैलवानाचे नाव बंदिस्त सभागृहावर आहे, हा गौरव आहे आणि एका स्थित्यंतराची नोंदही आहे.

मातीतली निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालायची. घड्याळाला तिथे काम नव्हते. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधवले, ते खोलगट आखाड्याभोवती चढत जाणारे आणि वर उघडे आभाळ असलेले. आखाड्यातली माती हळद, तेल, ताक घालून पोसलेली. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशोब. पाठ न टेकवताही कुस्ती जिंकता येते. पकड तीच, डाव बरेचसे तेच. बदलला तो वेळ.

कबड्डीत हा बदल आणखी खोल गेला, कारण तिथे वेळ खेळाडूच्या छातीत होता. हुतूतू हा श्वासाचा खेळ. चढाई करणारा एका दमात तोंडाने घोष करत समोरच्या अंगणात शिरतो आणि दम तुटण्याआधी त्याला मध्यरेषा गाठायची असते. चढाई किती वेळ चालणार हे त्याच्या फुप्फुसांनी ठरवायचे. या खेळाचे प्रकार गावोगाव वेगळे होते. मेलेला गडी पुन्हा जिवंत होणारी संजीवनी, बाद होऊनही आत राहणारा अमर. महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या प्रकारांतून एक नियमबद्ध खेळ घडवला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला त्याची प्रात्यक्षिके दाखवली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत तो प्रदर्शनीय खेळ होता, १९९० च्या बीजिंगमध्ये पदकाचा झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी त्यासाठी हयात घालवली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

जगात जायचे तर पावसाळ्यात बंद पडणारा खेळ चालणार नव्हता. चाळलेली माती, तिच्यावर पाणी आणि रोलर, फक्कीच्या रेषा, विद्युतझोतातले रात्रीचे सामने हे कोकणातल्या आणि लालबाग-परळच्या मंडळांचे वैभव होते. पण प्रत्येक मैदानाची माती निराळी होती. गादी सगळीकडे सारखी. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अंगण कुठल्याही सभागृहात सहज मावते, त्यासाठी अमेरिकनांसारखी कापाकापी करावी लागली नाही. २६ जुलै २०१४ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईत वरळीच्या बंदिस्त सभागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला.

मापे बदलली नाहीत, तरी नियम बदललेच. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा नाहीतर बाद व्हायचे. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण. हे नियम प्रेक्षकाला खिळवून ठेवतात आणि रेंगाळलेले सामने जागे करतात, हे मान्यच करायला हवे. पण त्यांतून एक गोष्ट घडली. कबड्डी कबड्डी हा घोष नियमात अजून आहे, तरी चढाईची लांबी आता भिंतीवरचे घड्याळ ठरवते. ढोल-संगीताच्या गजरात गड्याचा दम ऐकू येणार तरी कुणाला? १९३२ मध्ये शिकागोच्या छपराने फुटबॉलला एक जास्तीची शक्यता दिली. आमच्या छपराने कबड्डीला पैसा, मान आणि जग दिले आणि बदल्यात श्वास जवळपास गहाण ठेवून घेतला.

शिवाय अमेरिकेत दोन खेळांना दोन नावे होती. कबड्डीने तसे केले नाही. तिने संसारच हलवला. त्यामुळे मातीवरची कबड्डी हा स्वतंत्र खेळ न राहता गादीवर जाण्याआधीची पायरी ठरत चालली आहे. गावातला मुलगा अनवाणी शिकतो आणि निवड चाचणीला बूट घालून गादीवर उतरतो, तेव्हा १९४८ च्या खाशाबांचीच अडचण त्याच्यापुढे असते. शाळेजवळ किंवा तालमीत गादी आहे की नाही, यावर त्याचे पुढचे ठरते. मातीचा खेळ फुकट होता, हा त्याचा सर्वांत मोठा नियम होता आणि तो कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता.

महाराष्ट्र केसरीने काढलेली वाट या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. १९६१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत आता माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. इथे मातीचे वेगळे घर आहे, वेगळा मान आहे आणि तिच्यातून थेट गदेपर्यंत जाणारा रस्ता आहे. ही व्यवस्था निर्दोष नाही. दोन्हीकडचे पैलवान समोरासमोर आले की कुणाचा पाया कुठे पक्का, ही कुरकुर व्हायचीच. तरी तिच्यात दोन्ही बाजू एकमेकींना ओळखतात.

असे काही कबड्डीला करता येईल. मातीवरच्या राज्य स्पर्धा पावसाळा सरल्यावर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नियमांनी व्हाव्यात. चढाईला सेकंदांची मर्यादा नसावी, पंचाने कान देऊन दम मोजावा आणि तिथल्या विजेत्यांना गादीवरच्या संघांत हक्काची जागा असावी. यासाठी नवे सभागृह लागत नाही. चाळलेली माती लागते, फक्की लागते आणि गड्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता.