पांच बारांची बंदूक आणि एक लाकडी खुंटी



आजच्या भाषणाचा आरंभ मी एका अगदीं व्यावहारिक प्रश्नानें करतों. पक्ष्यांची शिकार करणारा एखादा साधा गृहस्थ डोळ्यांपुढें आणा. पहाटे दलदलीच्या कांठीं दबून त्याला उंचावरून जाणारीं बदकें मारावयाचीं असतात. दुपारीं तोच गवतांतून भर्रकन उठणाऱ्या लाव्यांच्या मागें असतो. पहिल्या कामाला जड बार हवा, दुसऱ्याला हलका. खिशांत पैसे मात्र एकाच बंदुकीपुरते. त्यानें कोणती बंदूक निवडावी? विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंतील शिकाऱ्यांपुढें हा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर म्हणून जी बंदूक पुढें आली तिची हकीकत मला आज सांगावयाची आहे. या हकीकतीचा पूर्वार्ध एका कारागिराच्या बुद्धीचा आहे. उत्तरार्ध त्या बुद्धीनें दिलेल्या शक्तीला बांध कोणी घालावा, या विवंचनेचा आहे.

तोंवर शिकाऱ्याची नेहमीची सोबतीण म्हणजे दुनळी बंदूक. दोन नळ्या, दोन काडतुसें, दोन बार. मग ती उघडून पुन्हां भरावयाची. आपण बारा बोअर, सोळा बोअर असे शब्द ऐकतों. नळींत बरोबर बसतील अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडांत बारा झाल्या तर ती बारा बोअरची, सोळा झाल्या तर सोळा बोअरची. म्हणजे आंकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. शिवाय नळीचें तोंड किंचित् आवळलेलें असलें तर छरे दूरवर एकत्र जातात, तें बदकांना योग्य. तोंड मोकळें असलें तर ते लवकर पसरतात, तें लाव्यांना योग्य. ज्याची ऐपत असे तो दोन-तीन बंदुका बाळगी. ज्याची नसे तो एकीवरच भागवी.

अशा वेळीं जॉन मोझेस ब्राउनिंग हा मनुष्य पुढें आला. १८५५ सालीं अमेरिकेच्या युटा प्रांतांतील ऑग्डेन गांवीं त्याचा जन्म झाला. बाप बंदुका घडविणारा, त्यामुळें दुकानांतील मोडकीं हत्यारें हींच त्याचीं खेळणीं. त्याच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, १८८९ सालीं नेमबाजीच्या मैदानावर बंदुकीच्या तोंडांतून सुटलेल्या वायूनें पुढचें गवत आडवें होतांना त्यानें पाहिलें, आणि ही वायां जाणारी शक्ति कामास लावतां येईल असें त्याच्या मनानें घेतलें. पक्ष्यांच्या बंदुकीसाठीं त्यानें वायूऐवजीं दुसरी वायां जाणारी शक्ति धरली. ती म्हणजे बार उडतांना शिकाऱ्याच्या खांद्यावर बसणारा धक्का.

रचना अशी: काडतूस उडालें कीं नळी आणि तिच्या मागचा बोल्ट एकमेकांस जखडलेल्या स्थितींतच काडतुसाच्या लांबीहून अधिक मागें सरतात. मग नळी एकटीच पुढें जाते. रिकामें काडतूस बाहेर फेकलें जातें. आणि पाठोपाठ बोल्ट नवें काडतूस नळींत बसवितो. भरण्याचें काम यंत्राचें, परंतु प्रत्येक बारासाठीं चाप मात्र माणसानेंच नव्यानें ओढावयाचा. म्हणून हिला अर्धस्वयंचलित म्हणतात. नळीखालच्या पोकळींत चार काडतुसें आणि नळींत एक, अशीं पांच काडतुसें तिच्यांत मावत. त्यावरूनच पुढें तिचें ‘ऑटो-५’ हें नांव रूढ झालें.

परंतु बार जड असला कीं धक्का मोठा, हलका असला कीं लहान. एकच स्प्रिंग दोहोंना कशी पुरावी? येथें ब्राउनिंगची खरी करामत दिसते. त्यानें स्प्रिंगपाशीं कांशाचा एक घर्षणाचा तुकडा आणि एक पोलादी कडें बसविलें. जड काडतुसें वापरावयाचीं असलीं कीं कडें त्या तुकड्याला भिडवून ठेवावयाचें, म्हणजे तें ब्रेकाप्रमाणें मागें येणाऱ्या नळीला आवरतें. हलकीं वापरावयाचीं असलीं कीं तेंच कडें काढून स्प्रिंगच्या मागल्या टोकाला ठेवावयाचें, म्हणजे नळी मोकळेपणीं सरते. एक कडें इकडचें तिकडे केलें कीं बदकांची बंदूक लाव्यांची झाली! ज्याला याचें भान राहत नसे, त्याच्या बंदुकीला जड बारांचा मार बसून पुढल्या लाकडाला तडा जाई.

ही बंदूक बाजारांत येण्याची कथाहि विलक्षण आहे. १८८३ पासून ब्राउनिंगच्या कल्पना विंचेस्टर कंपनी एकरकमी किंमत देऊन घेत असे. या वेळीं त्यानें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागें आपला वांटा मागितला. कंपनीनें नकार दिला आणि एकोणीस वर्षांचा स्नेह तुटला. १९०२ च्या जानेवारींत तो रेमिंग्टन कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांना भेटावयास गेला. तो बाहेर वाट पाहत असतांनाच हार्टली यांचें हृदयक्रिया बंद पडून निधन झाल्याचें त्याला कळलें. तेव्हां त्यानें बेल्जमची वाट धरली. एर्स्ताल येथील फाब्रीक नास्योनाल हा कारखाना त्याचें पिस्तूल आधींच तयार करीत होता. तेथेंच या बंदुकीचाहि जन्म झाला. १९०५ सालीं रेमिंग्टननेंहि परवान्यानें ती अमेरिकेंत काढली. नकार देणाऱ्या विंचेस्टरला ब्राउनिंगच्या पेटंटांना बगल देऊन १९११ सालीं स्वतःची निराळी बंदूक काढावी लागली. तींत पहिलें काडतूस भरण्यासाठीं नळीच धरून मागें ओढावी लागे. निष्काळजी हातांत ती इतकी घातक ठरली कीं लोकांनीं तिला ‘विधवा करणारी’ असें नांव ठेवलें.

येथें पूर्वार्ध संपतो. दोन बारांच्या जागीं पांच आले, आणि लगेच आक्षेपहि आला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे हे एके काळचे मोठे शिकारी. तरुणपणीं ते हिंदुस्थानच्या जंगलांतहि हिंडले होते. त्यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत नामशेष होणाऱ्या प्राण्यांची बाजू मांडतांना या स्वयंभरणी बंदुकांवर कठोर टीका केली. पेन्सिल्व्हानिया प्रांतानें तर १९०७ सालींच शिकारीस त्या वापरण्याची बंदी केली होती.

हा आरोप न्याय्य होता काय? अमेरिकेंत ज्यांच्या थव्यांनीं आकाश झांकून जाई, त्या प्रवासी कबुतरांपैकीं शेवटचें, मार्था नांवाचें, १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेलें. परंतु त्यांचे रानांतील थवे ब्राउनिंगची बंदूक दुकानांत येण्यापूर्वींच संपले होते. त्यांना संपविलें तें जाळ्यांनीं, साध्या बंदुकांनीं, थव्यांची वार्ता पोहोंचविणाऱ्या तारायंत्रानें आणि मेलेले पक्षी शहरांत नेणाऱ्या आगगाडीनें. आपल्याकडचाहि एक दाखला घ्या. भरतपूरच्या तळ्यांवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. हा आंकडा तेथें दगडावर कोरलेला आहे. एवढा संहार घडण्यास नव्या यंत्राची गरज असतेच असें नाहीं. ‘आतां पुरे’ असें म्हणणारा कोणी नसला म्हणजे झालें.

तें म्हणणारा अमेरिकेंत हळूहळू उभा राहिला. १९१६ सालीं कॅनडाच्या वतीनें ब्रिटनशीं स्थलांतरी पक्ष्यांविषयीं तह झाला आणि १९१८ सालीं त्यावर कायदा आला. पुढें १९३० नंतरच्या अवर्षणांत दलदली आटल्या व बदकें झपाट्यानें घटलीं. तेव्हां जे डार्लिंग नांवाचे व्यंगचित्रकार या खात्याचे प्रमुख नेमले गेले, त्यांनींच १९३४ सालीं बदकांच्या शिकारीसाठीं घ्यावयाच्या पहिल्या एक डॉलरच्या तिकिटाचें चित्र काढलें. त्याचा पैसा पक्ष्यांच्या आश्रयस्थानांकडे गेला. १९३५ सालीं दाणे टाकून वा जिवंत बदकें बांधून थवे उतरविण्यास मनाई झाली. आणि त्याच वर्षीं असा नियम झाला कीं, स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारींत बंदुकींत तीनांहून अधिक काडतुसें मावतां कामा नयेत.

मग आधींच्या बंदुकांचें काय करावयाचें? उपाय सोपा निघाला. काडतुसांच्या पोकळींत एक लाकडी खुंटी घालावयाची, म्हणजे चारांच्या जागीं दोनच मावतात. ब्राउनिंगनें पोलादांतून काढलेली शक्ति कायद्यानें चार बोटें लाकडानें आवरली. युरोपांतील राष्ट्रांनींहि १९७९ सालीं रानपक्ष्यांविषयीं केलेल्या निर्देशांत दोनांहून अधिक काडतुसांची पोकळी असलेल्या अशा बंदुका निषिद्ध ठरविल्या. उलट १९९९ सालीं उत्तरेकडील हिमहंस इतके वाढले कीं ते स्वतःचींच गवताळ प्रजननक्षेत्रें उजाड करूं लागले. तेव्हां अमेरिकन सरकारनें त्यांच्यापुरती खुंटी काढण्याची मुभा दिली. यावरून दिसतें कीं बंदुकींत किती बार असावेत हें कारखान्यानें ठरविलेलें अखेरचें नव्हे. तें पक्ष्यांची गणती ठरविते.

पुढें यंत्रेंहि सुधारलीं. १९६३ सालीं रेमिंग्टनची वायूच्या दाबावर चालणारी बंदूक आली, तिचा धक्का सौम्य; पुढें इटलींतील बेनेली कारखान्यानें जडत्वाच्या तत्त्वावर चालणारी हलकी बंदूक काढली. जुनी ऑटो-५ विसावें शतक संपत येईपर्यंत निघत होती.

आतां आपल्या त्या गृहस्थाकडे वळूं. जेथें शिकारीस कायद्याची परवानगी आहे अशा देशांतील तो असेल, तर जाणता शिकारी त्याला सांगेल कीं, बारा बोअरची घ्यावी. दिवसभर वागवतां येईल एवढ्याच वजनाची घ्यावी. तिचा कुंदा खांद्याला बिनचूक बसला पाहिजे. नळीचें तोंड बदलतां आलें पाहिजे. हलकीं व जड दोन्हीं काडतुसें तींत स्वतः उडवून पाहावीं. आणि खुंटी आहे ना, हें रानांत जाण्यापूर्वीं तपासावें. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि १९९१ च्या दुरुस्तीनें छंद म्हणून शिकार करण्यास वाव ठेवलेला नाहीं. भरतपूरचीं तीं तळीं आज राष्ट्रीय उद्यान आहेत, आणि लोक तेथें दुर्बीण घेऊन जातात.

ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ रोजीं बेल्जममध्यें, त्याच कारखान्यांत काम करीत असतां वारला. त्या वेळीं जी बंदूक तो सिद्ध करीत होता आणि जी पुढें त्याच्या मुलानें पुरी केली, ती एकावर एक नळ्या असलेली दुनळी होती. पांच बारांचा जनक अखेरीस दोन बारांकडे परत आला होता.