होनोलुलूचा जलवीर

११ ऑगस्ट १९११ रोजीं हवाई बेटांतील होनोलुलू बंदरांत पोहण्याच्या शर्यती झाल्या. त्यांत शंभर यार्डांचें अंतर ड्यूक कहानामोकू या वीस वर्षांच्या तरुणानें ५५.४ सेकंदांत तोडलें. ही वेळ इतकी विलक्षण होती कीं, अमेरिकेंतील क्रीडामंडळास ती खरीच वाटेना. घड्याळें सदोष असतील, समुद्राच्या प्रवाहानें हात दिला असेल, असे आक्षेप निघाले व विक्रम अमान्य ठरला.

या अविश्वासामागें थोडा इतिहास आहे. हवाईचें स्वतंत्र राज्य १८९३ सालीं उलथून टाकण्यांत आलें व १८९८ सालीं तीं बेटें अमेरिकेनें आपल्या राज्यास जोडलीं. दूरच्या बेटावरील माणसाच्या साक्षीला परक्या कचेरींत वजन तें किती असणार?

ड्यूकनें वाद घातला नाहीं. तो पोहत राहिला. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें पोहण्याच्या शर्यती तलावांत नव्हे, तर खाडींतच होत्या. तेथें शंभर मीटरचें सुवर्णपदक त्यानें ६३.४ सेकंदांत मिळविलें. पाय भराभर वरखालीं हलवीत पाणी कापण्याची त्याची पद्धत पुष्कळांनीं उचलली. १९१६ चे सामने महायुद्धामुळें झालेच नाहींत. तरीहि १९२० सालीं अँटवर्प येथें त्यानें दोन सुवर्णपदकें जिंकलीं. १९२४ सालीं पॅरिसमध्यें जॉनी वाइसमुलर पहिला आला, ड्यूक दुसरा आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम तिसरा.

परंतु त्याची खरी कीर्ति पदकांपुरती नाहीं. लाकडी फळीवर उभें राहून लाटांवरून धांवण्याची हवाईची प्राचीन विद्या त्यानें १९१४-१५ सालीं ऑस्ट्रेलियांत करून दाखविली व तेथें ती रुजली. १९२५ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक मासेमारी नौका उलटली, तेव्हां त्याच फळीच्या साह्यानें त्यानें खवळलेल्या समुद्रांतून आठ जणांस जिवंत बाहेर काढलें. फळी हें केवळ खेळणें नसून जीवरक्षणाचें साधन आहे, हें किनाऱ्यावरील पहारेकऱ्यांना त्या दिवशीं पटलें.

१९६८ सालीं तो निवर्तला. त्याच्या अस्थि वायकीकीच्या समुद्रांत विसर्जित झाल्या. लाटांवरील हा खेळ ऑलिंपिकमध्यें यावा ही त्याची इच्छा २०२१ सालीं टोकियोच्या सामन्यांत पुरी झाली. त्याचे पोहण्याचे विक्रम केव्हांच मागें पडले. विक्रमांचें तें प्राक्तनच असतें. मात्र ज्या समुद्राच्या प्रवाहाकडे बोट दाखवून त्याचें यश नाकारलें गेलें, त्याच समुद्राची विद्या त्यानें जगाला दिली.