एकेरी नोंदीचा घोडा

आम्हां बी.कॉम.वाल्यांच्या रक्तात दुहेरी नोंद. नावे असेल तिथे जमा हवीच! चेतकचं पुढचं चाक मात्र एकाच बाजूने धरलेलं. हा हिशेब इटलीतला. विमानं बनवणाऱ्या पियाजिओने १९४६ साली व्हेस्पा काढली. तिचा जनक कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. त्याने विमानासारखं चाक एका दांडीला टांगलं. पंक्चर झालं की मोटारीसारखं बाजूने काढा.

१९६०च्या दशकात बजाज ती परवान्यावर बनवू लागलं. १९७१मध्ये करार संपला, १९७२मध्ये राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव लागलं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली वस्तू परक्या मेकॅनिकच्या हाती कोण देणार? म्हणून चिंचवडला आमच्या जिन्याखाली रविवारी वर्तमानपत्रावर स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, बेअरिंगं मांडली जात. स्प्रिंग दाबून बसवायला शेजारी लागे. ऑइल सील नीट बसलं नाही, तर ग्रीस ब्रेकवर, आणि घोडा थेट निगडीच्या उतारावर! शेवटी एक वॉशर उरला की घर चिडीचूप. रोकड जुळेना की बँकेत होतं तसं.

२००९मध्ये बजाजने स्कूटर सोडली. २०२०मध्ये विजेवरचा चेतक आला. मी किंमत नंतर विचारली, आधी वाकून पुढचं चाक पाहिलं. एकाच बाजूने धरलेलं होतं.